कँटीनच्या वहिनी आणि आभाळरावांचं ताट

बॉयलर बनवणाऱ्या त्या कारखान्यात साहेबांना कोणी फारसं घाबरत नसे, पण कँटीनच्या वहिनींना सगळे टरकून असत. साहेब चिडले तर फार तर चार शब्द ऐकवतील. वहिनी चिडल्या तर पळीभर रस्सा कमी वाढतील. आता तुम्हीच सांगा, सकाळपासून लोखंड ठोकून आलेल्या माणसाला यातलं जास्त काय झोंबेल?

त्या सगळ्यांच्याच वहिनी. त्यांच्याहून वयाने मोठे वेल्डरसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. नवरा याच कारखान्यात क्रेन चालवायचा, त्यामुळे लग्न होऊन आल्या तेव्हाच त्या नवऱ्याच्या मित्रांच्या वहिनी झाल्या. पुढे कँटीनची पळी हातात आली, तरी नातं तेच राहिलं. बाई अंगाने रुंद, आवाजाने त्याहून रुंद. एकदा एका नव्या फिटरने हात पुसता पुसता "जेवण ठीक होतं" असं म्हटलं. झालं! "ठीक? ठीक म्हणजे काय रे? ठीक तर दवाखान्यातलंही असतं!" बिचारा पुढचा महिनाभर जेवण झालं की स्वतःहून खिडकीशी येऊन "फार सुंदर, फार सुंदर" म्हणून जायचा.

पण जेवण खरंच सुंदर असायचं, त्यात वाद नाही. कँटीनच्या मागच्या शेगडीवर हाडांचं एक भलंमोठं पातेलं दिवसभर रटरटत असे. त्यावर तरंगणारी चरबी वहिनी काढून डब्यात भरून ठेवत. कांदा परतायचा तो त्या चरबीत, भाजी टाकायची ती चरबीत, भात मोकळा व्हावा म्हणून वरून आणखी एक चमचा चरबी. चव कुठून येते हे त्यांनी कधी लपवलं नाही. उलट कोणी विचारलं की डब्यावर टिचकी मारून म्हणत, "हा आहे खरा आचारी. मी नुसती ढवळते."

आणि त्यांचे यजमान म्हणजे आभाळराव. हे नाव मित्रांनी ठेवलेलं. कारखान्याच्या छताखाली, रुळांवरून इकडून तिकडे सरकणाऱ्या क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये हे गृहस्थ उभं आयुष्य बसले. खाली इतका खणखणाट की आवाज वर पोचायचाच नाही. खालचा माणूस हाताने खुणा करणार आणि आभाळराव वरून त्या हातांकडे बघून बॉयलरचं धूड उचलणार, फिरवणार, अलगद खाली ठेवणार. इतक्या वर्षांत कोणाच्या बोटालासुद्धा ओरखडा नाही. बोलायला अगदी कमी. वहिनी म्हणत, "यांना वर ठेवलंय तेच बरं आहे, खाली ठेवलं असतं तरी आवाज आलाच नसता."

तर हे आभाळराव एका सकाळी शिडीच्या मध्यावर थांबले. छातीत कोणीतरी पान्याने आवळल्यासारखं झालं, घाम फुटला, आणि ते शिडीला मिठी मारून तसेच लटकून राहिले. मुकादम वर चढला, एकेक पायरी करत त्यांना खाली आणलं आणि थेट कारखान्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या, पण उगाच घाबरवणाऱ्या नव्हत्या आणि उगाच गोड बोलणाऱ्याही नव्हत्या. मोठ्या इस्पितळातल्या तपासण्या झाल्यावर त्यांनी नवरा-बायकोला समोर बसवलं. "झटका आलेला नाही, पण दाराशी येऊन उभा आहे. रक्तदाब वर, साखर वर, कोलेस्टेरॉल तर विचारूच नका. गोळ्या देते, त्या चुकवायच्या नाहीत. पण नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही, ताट बदलावं लागेल. मांस, मासे, अंडी, दूध, लोणी, सगळं बंद. जमिनीतून उगवतं तेवढंच खायचं."

"म्हणजे नेमकं काय? कुंपण?" आभाळरावांनी विचारलं. कमी बोलणारा माणूस बोलला की असा बोलतो.

"कडधान्यं, भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य, मूठभर सुका मेवा. पोटभर खा, उपाशी राहायला मी सांगत नाहीये," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "फक्त एक जीवनसत्त्व या खाण्यात मिळत नाही, बी-बारा. त्याची गोळी वेगळी घ्यायची." मग हसू आवरून म्हणाल्या, "आणि क्रेनवर चढायचं नाही. मधे एकदा रक्त बघू, मग तीन महिन्यांनी पुन्हा. आकडे खाली आले तर तुम्ही वर जाल. नाही आले, तर मला तुमची क्रेन कायमची बंद करावी लागेल."

त्यांना स्टोअरच्या खिडकीत बसवलं, नट-बोल्ट मोजून द्यायला. वर क्रेनमध्ये एक नवा गडी शिकायला लागला. तो भार उचलायचा तेव्हा साखळी गचका खायची, आणि तो गचका आवाजावरून ओळखून आभाळराव खिडकीत बसल्या बसल्या डोळे मिटून घ्यायचे. नोकरी जाणार नव्हती, पगारही होता. पण ज्या कामासाठी त्या माणसाला सगळा कारखाना ओळखत होता ते काम हातातून चाललं होतं. वहिनींना ते बघवेना. मावशींना, म्हणजे कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या त्यांच्या जुन्या सोबतिणीला, त्या म्हणाल्या, "मी त्यांना परत वर चढवणार. बघशीलच तू."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरचा फ्रिज रिकामा केला. लोणी, अंडी, चीज, सॉसेज, दुधाची बाटली, सगळं पिशवीत भरून शेजारणीच्या हवाली केलं. आणि मग सुरू झाली फजिती! शेकडो माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला एका माणसाचं ताट जमेना. राजमा न भिजवता तासभर शिजवला; एकेक दाणा असा की बॉयलरला रिव्हेट म्हणून ठोकावा. आभाळराव निमूटपणे चावत राहिले आणि शेवटी म्हणाले, "दात पण काढायला सांगितलेत का गं डॉक्टरबाईंनी?" सोयाचं दूध उकळत्या कॉफीत ओतलं, ते फाटून त्याच्या चिंध्या झाल्या. पाव तरी निर्धास्त असेल म्हणून पाववाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनी, आत दुधाची पावडर, वरून लोणी. तुम्हीच तर मऊ पाव मागता!"

आणि पोटाचं तर काय सांगावं. कडधान्यं चांगली म्हणून वहिनींनी पहिल्याच दिवशी वाडगं भरभरून दिली. स्टोअरच्या खिडकीशी लोक हातभर लांब उभे राहून बोल्ट मागायला लागले. मुकादमाने तर जाता जाता विचारलं, "आभाळराव, बॉयलरची दाबाची चाचणी आता इथेच घ्यायची का?"

पण हार मानतील त्या वहिनी कसल्या! डॉक्टरबाईंना विचारून, पाववाल्याशी हुज्जत घालून, स्वतःच्या चुका चाखून त्या शिकत गेल्या. आधी थोडं, मग हळूहळू वाढवायचं, म्हणजे पोटाला सवय होते. दाणे रात्रभर भिजवायचे, ते पाणी फेकून द्यायचं, नव्या पाण्यात खळाखळा उकळून इतके शिजवायचे की बोटात धरला की दाण्याचं पीठ व्हावं. सोयाचं दूध आधी कोमट करून घेतलं की कॉफीत फाटत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळायचं, म्हणजे तिच्यातलं लोह अंगी लागतं. सुटीच्या दिवशी आठवड्याचं कडधान्य एकदम शिजवून डबे करून बर्फाच्या कप्प्यात टाकायचे, मग रोज संध्याकाळी दमून आल्यावर कटकट नाही. पाववाला पण वठणीवर आला. पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट, एवढ्याचाच एक पाव तो वहिनींसाठी वेगळा काढायला लागला, आणि पुढे तो इतरही लोक मागायला लागले.

हळूहळू ताट रंगायला लागलं. मसुराचा दाट रस्सा, परतलेल्या अळंब्या, भाजलेल्या शेंगदाण्यांचं कूट लावलेली वांगी. रवंथ करायला शिकावं लागेल म्हणून कुरकुरणारे आभाळराव वाडगं पावाने पुसून खायला लागले. "अगदी तुझ्या कँटीनसारखं लागतंय गं," म्हणाले एकदा. वहिनींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग मधली तपासणी आली. साखर जराशी उतरली होती. कोलेस्टेरॉल जागचं हललं नव्हतं.

"गोळ्या घेताय ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं. घेत होते, वहिनी स्वतः हातावर ठेवत. "मग काहीतरी पोटात जातंय. नीट आठवून बघा, मी रागावणार नाही."

"मी दिलं तेवढंच खाल्लंय," आभाळराव म्हणाले.

डॉक्टरबाई खरंच रागावल्या नाहीत. पण वहिनींनी नवऱ्याकडे असं बघितलं की बिचाऱ्याने खिशातला रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं. घाम नव्हता, तरी पुसलं. आणि तेवढ्यावरून वहिनींनी ओळखलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळराव नेहमीसारखे घरचा डबा घेऊन कँटीनमध्ये आले आणि बाकावर बसायला लागले. समोर जेवणाची रांग, रांगेत मुकादम. वहिनींनी पळी खाली ठेवली.

"काय हो, डबा कशाला उघडताय? बाहेर छान चाललंय की तुमचं!"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या.

"मी बाहेर काही खाल्लेलं नाही," आभाळराव म्हणाले.

"मग ते रक्त खोटं बोलतंय? की मीच चरबी चारते तुम्हाला? मी इथे मरमर मरायचं, दाणे भिजवायचे, पाववाल्याशी भांडायचं, आणि तुम्ही कोपऱ्यावर जाऊन सॉसेज हाणायचे! क्रेन पाहिजे म्हणे! कशाला पाहिजे? जीभ सांभाळता येत नाही आणि म्हणे बॉयलर सांभाळणार!"

वहिनी नको ते बोलून गेल्या. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. आभाळरावांनी डब्याचं झाकण लावलं, तो बाकावर तसाच ठेवला आणि उपाशी निघून गेले. मुकादमाने ताट घेता घेता हलक्या आवाजात म्हटलं, "वहिनी, एक सांगू? क्रेनवाल्याच्या शब्दावर खालची माणसं जीव सोपवून उभी असतात. तो खाण्याबाबत खोटं बोलला, तर उद्या छातीत दुखलं तरी सांगणार नाही. मी तर नव्या गड्यालाच कायम करा म्हणून साहेबांना सांगणार." वहिनींना तेव्हा कुठे कळलं की आपण काय करून बसलो. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि राग अजून गेला नव्हता.

घरी दोघांत बोलणं बंद झालं. आभाळरावांनी एवढंच सांगितलं, "यापुढे माझं मी करून खाईन. मग आकडे बघू."

"करा की! चूल कुठल्या बाजूला आहे ते माहीत आहे ना?"

सुटीच्या दिवशी सकाळी आभाळराव ओट्यापुढे उभे राहिले. वहिनी टेबलाशी हाताची घडी घालून बसल्या, आता गंमत बघायची म्हणून. पण गंमत काही होईना. आभाळरावांनी कांदा घेतला आणि असा चिरला की वहिनींच्या भुवया वर गेल्या. लसूण सुरीच्या पात्याने चेचून सोलला, अगदी त्या सोलत तसा. पातेलं तापलं की नाही ते तळवा वर धरून बघितलं, त्या बघत तसं. अहो, या माणसाने जन्मभर केलं काय होतं? वरून खालच्या माणसाचे हात बघायचे आणि ते सांगतील तसं करायचं. स्टोअरमधून लवकर सुटल्यामुळे गेले कित्येक दिवस ते संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभे असत आणि बायकोचे हात बघत. सगळं डोक्यात बसलं होतं.

कांदा पडला. आभाळरावांनी शेगडीशेजारचा एक काळपट डबा न बघता ओढला, त्यात चमचा घातला, दोनदा पातेल्यात झटकला आणि डबा होता तिथे सरकवला.

"अहो," वहिनी म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. "ते काय घातलंत?"

"तू घालतेस तेच."

"मी?"

"रोज. कांदा पडला की दोन चमचे. उतरवताना वरून आणखी एक. तेल आहे ना ते?"

वहिनी उठल्या. डबा हातात घेतला. वास घ्यायचीही गरज नव्हती. कँटीनमधून आणलेली चरबी ती, घरच्या स्वयंपाकालाही चव यावी म्हणून वर्षानुवर्षं तिथे ठेवलेली, संपली की भरलेली. फ्रिज रिकामा करताना तो डबा फ्रिजमध्ये नव्हता, आणि वहिनींच्या लेखी ते खाण्याचं जिन्नसही नव्हतं. चिमटा, झारा, सांडशी, तसा तो डबा. त्याच्याकडे बघायचं नसतं. हात जातो आणि येतो. घरातलं सगळं मांस-लोणी त्यांनी बाहेर काढलं होतं, आणि स्वतःचा उजवा हात मात्र घरातच राहिला होता.

त्या आधी हसल्या. मग खुर्चीवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. सगळ्या कारखान्यादेखत नवऱ्याला चोर ठरवलं, आणि चोर आपलाच हात! आभाळरावांनी शेगडी बंद केली, पाण्याचा पेला आणून पुढे ठेवला.

"कोणाला सांगत बसू नकोस," ते म्हणाले. "कँटीनमध्ये तुझं नाव आहे. लोक हसतील."

"माझं नाव गेलं खड्ड्यात!" वहिनींनी नाक पुसलं. "तुमचा शब्द मी सगळ्यांसमोर खाली पाडला, आता सगळ्यांसमोरच उचलणार."

आणि उचलला. पुढच्या दुपारी रांग लागली तेव्हा वहिनींनी पातेल्याच्या काठावर पळी आपटली, खण्, खण्, खण्. "ऐका रे सगळे! आणि मुकादम, तुम्ही जरा पुढे या. माझ्या नवऱ्याने एक घाससुद्धा चोरून खाल्लेला नाही. इतके दिवस त्यांच्या ताटात मीच चरबी घालत होते. या हाताने. मला कळलंसुद्धा नाही. इथे मी त्यांना वाट्टेल ते बोलले, ते सगळं मला लागू. आता ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं, पण आत्ताच. उद्या कोणी हसलं तर रस्सा मिळणार नाही."

कोणी हसलं नाही. स्वतःच्या हाताला सर्वांसमोर चोर म्हणायला छाती लागते, आणि ती बघायला मिळाली की माणूस हसायचं विसरतो. मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली आणि बाकावर बसलेल्या आभाळरावांपाशी जाऊन एवढंच म्हणाला, "चुकलं माझं." साहेबांकडे तो गेलाच नाही. डॉक्टरबाईंनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि आणखी तीन महिने दिले.

आता खरी परीक्षा होती, आणि खरं सांगायचं तर वहिनींचं खरं कौतुक इथेच करायला हवं. नवीन शिकणं सोपं असतं हो. हातात मुरलेलं विसरणं महाकठीण. डबा घरातून गेला तरी कांदा पडला की हात आपोआप ओट्यावर डबा शोधायचा. वहिनींनी मनगटाला लाल फडकं बांधलं. हात निघाला की फडकं दिसायचं, मग स्वतःलाच शिव्या घालत हात मागे घ्यायच्या. चरबी गेली तशी चवही गेली. पहिले काही दिवस रस्सा असा पचपचीत झाला की आभाळरावांनी तो शांतपणे खाल्ला, आणि ती शांतताच वहिनींना जास्त लागली. मग त्या मुळापासून शिकल्या. थेंबभर तेलात कांदा मंद आचेवर ठेवायचा, घाई करायची नाही, लागला की पाण्याचा शिपका मारायचा, तपकिरी होईपर्यंत. टोमॅटो विस्तवावर करपवून घ्यायचे. तीळ वाटून रस्सा दाट करायचा. अळंब्या कोरड्या पातेल्यात पाणी आटेपर्यंत परतायच्या, मग त्यांची चव जिभेवर बसते. महिनाभरात त्यांनी असा रस्सा केला की आभाळराव वाडगं पुढे करून म्हणाले, "हा कँटीनसारखा नाही लागत. याला स्वतःची चव आहे." त्यानंतर कँटीनमध्येही एका बाजूला कडधान्याचं लहान पातेलं दिसायला लागलं. सुरुवातीला त्यापुढे दोन-तीन माणसं असत, त्यातले एक आभाळराव.

तीन महिन्यांनी आकडे खाली आले. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं. आभाळरावांचं पोट उतरलं होतं, पट्ट्याला दोन भोकं जास्त पाडावी लागली होती, आणि जिना चढताना लागणारा दम पळाला होता. इस्पितळातली पळण्याची चाचणी झाली, तीही पार पडली. डॉक्टरबाईंनी हात पुढे केला. "जा वर. गोळ्या चालू ठेवा, खाणंही असंच चालू ठेवा." आभाळरावांनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"आता तुम्ही," डॉक्टरबाई वहिनींकडे वळल्या. "बाही वर करा."

"मला काय धाड भरलीये?"

"बघू की."

बघितलं. वहिनींचे आकडे आभाळरावांच्या पहिल्या आकड्यांच्याही वर होते.

"अशक्य!" वहिनी कडाडल्या. "घरी मी यांच्याच पातेल्यातलं खाते. आणि कँटीनमध्ये तर मी जेवतच नाही. नुसती चव बघते."

"दिवसातून कितीदा बघता?"

"आता ते काय... हाडांचं पाणी उकळलं की एकदा. मांस टाकलं की एकदा. मऊ झालं का बघायला एक तुकडा. मग मीठ. मीठ घातल्यावर परत. वाढायच्या आधी, आणि मधे ऊन करताना..." बोलता बोलता वहिनींचा आवाज उतरत गेला. डॉक्टरबाईंनी आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. चव बघणं म्हणजे खाणं, हे स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या मनातच येत नाही.

घरी येताना वहिनी अर्ध्या रस्त्यात थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे मला पळी सोडावी लागणार."

"का?" आभाळराव म्हणाले. "मी वर असतो तेव्हा बॉयलरखाली काय आहे ते मला दिसतं का? खालच्या माणसाच्या हातावर सोडून देतो. तूही चव दुसऱ्यांच्या जिभेवर सोड."

वहिनींना ते पटेना, पण दुसरा इलाज नव्हता. ठरलं असं की मांसाच्या रश्श्याची चव रोज तिघांनी बघायची आणि वहिनींना सांगायचं. पहिल्या दिवशी मुकादम, एक वेल्डर आणि तो जुना "फार सुंदर"वाला फिटर असे तिघे चमचे घेऊन हजर झाले. त्याच सकाळी आभाळराव शिडी चढून आपल्या केबिनमध्ये बसले होते, कारखाना टाळ्या वाजवत होता, आणि वहिनी मात्र पातेल्यापाशी हात चोळत उभ्या होत्या. तिघांनी चमचाभर रस्सा तोंडात घातला, एकमेकांकडे बघितलं आणि म्हणाले, "उत्तम, वहिनी. नेहमीसारखं."

दुपारी रांग लागली. सगळे जेवले, सगळे खिडकीशी येऊन "छान होतं" म्हणून गेले. एक-दोघे दुसऱ्यांदा वाढून घ्यायलाही आले. सगळ्यात शेवटी मावशी आपलं ताट घेऊन बसल्या, पहिला घास तोंडात घातला आणि थांबल्या. मावशींना कोणाची भीड नाही.

"वहिनी, मीठ कुठाय यात?"

वहिनींनी कपाळावर हात मारला. चव बघितली की मीठ घालायचं, हा इतक्या वर्षांचा क्रम. चव बघायची नाही म्हटल्यावर हात मिठाकडे गेलाच नाही! अख्खं पातेलं अळणी, आणि एवढ्या माणसांतल्या एकानेही चकार शब्द काढला नव्हता.

संध्याकाळी आभाळराव घरी आले ते उजळलेलं तोंड घेऊन. वरून कारखाना कसा दिसला, साखळी कशी गचका न खाता उचलली गेली, सगळं सांगायचं होतं त्यांना. पण वहिनी टेबलाशी बसल्या होत्या आणि डोळे ओले होते.

"काय झालं गं?"

"अहो, कँटीनमध्ये पहिल्यांदाच आज माझं जेवण फसलं," वहिनी म्हणाल्या, "आणि आजच एकाही ताटात काही उरलं नाही."